ठिबक की टाकी?

गेल्या श्रावणातली गोष्ट. नववीच्या वर्गात मी धवलक्रांतीचा धडा घेत होतो. आमची शाळा गोरेगावातली, आणि वर्गातली निम्मी मुले आरे कॉलनीतल्या पाड्यांतून आणि युनिटांतून येणारी. तेव्हा आणंदची हकीकत सांगण्याआधी त्यांच्या स्वतःच्या अंगणातली हकीकत सांगावी, असे मनात आले. मुंबई शहरातले म्हशींचे गोठे उचलून इकडे डोंगराच्या कुशीत आणायचे, ही दारा खुरोडींची कल्पना. १९४९ साली वसाहतीची सुरुवात झाली, ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी इथे येऊन उद्घाटन केले, एक रोप लावले. पुढे १९६३ साली खुरोडींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले, ते वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या जोडीने. हे सगळे मी रंगात येऊन सांगत असतानाच मागच्या बाकाखालून काहीतरी घरंगळत माझ्या पायाशी आले.

मी उचलून पाहिले. बोटभर उंचीची काचेची नळकांडी, वर काळी चोच, खाली धातूचे बूड, त्याला जोडलेली बॅटरी. नळकांडीत मधासारखा पिवळसर द्रव हलत होता आणि पिकल्या आंब्याचा वास येत होता. मला प्रथम वाटले, अत्तराची नवी तऱ्हा असेल. वर्ग मात्र एकदम गप्प झाला, आणि वर्ग असा गप्प झाला की वस्तू अत्तराची नाही एवढे कोणत्याही मास्तराला कळते.

शाळा सुटल्यावर त्या मुलाला मी थांबवून घेतले. ओरडण्याचा विचार होता. पण ज्या गोष्टीवर ओरडायचे ती काय आहे हेच मला ठाऊक नव्हते, म्हणून आधी त्यालाच विचारले.

"सर, वेप आहे," तो म्हणाला. "टाकीवालं. माझा दादा दुबईहून आला ना, त्याच्याकडे ड्रिपर पण आहे. पण तो म्हणतो, नवीन पोरांनी टाकीच वापरायची."

"म्हणजे काय?"

मग त्याने सांगितले. आणि एरवी सनावळी विचारली की छताकडे पाहणारा हा पोरगा इतके नीटस सांगू लागला की मी ऐकतच राहिलो. दोन्ही यंत्रांचा गाभा एकच. प्रतिरोधक तारेचे एक वेटोळे, त्यात ओवलेली कापसाची वात, आणि तार तापवायला बॅटरी. वात ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, निकोटीन आणि सुगंध यांच्या मिश्रणाने भिजलेली असते. तार तापली की त्याची वाफ होते आणि ती ओढायची. फरक आहे तो वात भिजवायच्या तऱ्हेत. ड्रिपरला साठा नसतोच. टोपण काढायचे, बाटलीतून चार-सहा थेंब वातीवर सोडायचे, टोपण लावून पाच-सहा झुरके घ्यायचे, की पुन्हा टोपण काढायचे. थेंब टाकायला विसरलात तर कोरडा कापूस जळतो आणि घशाला असा चटका बसतो की डोळ्यांतून पाणी यावे. टाकीत मात्र दोन-चार मिलिलिटर द्रव एकदाच भरायचा. वातीला तो बाजूच्या छिद्रांतून आपोआप पोचतो, आणि माणूस दिवसभर मोकळा.

आमच्याकडे शेतात ठिबक सिंचन असते, तेव्हा ड्रिपरला मी मनातल्या मनात 'ठिबक' असे नाव देऊन टाकले. वाचकांनीही तेच चालवून घ्यावे.

"मग चांगले कुठले?" मी विचारले. कशाला विचारले कोण जाणे!

"दादा म्हणतो, चव ड्रिपरला. धूर पण दाट. वेटोळं स्वतः वळायचं, कापूस स्वतः घालायचा. पण ते घरी बसून ओढणाऱ्याचं काम. चालता चालता, बसमध्ये, थेंब कोण टाकणार? त्याला टाकी बरी. फक्त ती कधीकधी गळते." आणि मग माझ्याकडे पाहून, निरागसपणे की आगाऊपणे हे मला अजून ठरवता आलेले नाही, तो म्हणाला, "सर, तुम्ही इतिहास शिकवता ना? पूर्वीचे लोक काय वापरायचे? ठिबक की टाकी?"

त्याला मी दुसऱ्या दिवशी पालकांना घेऊन यायला सांगितले, वस्तू कपाटात कुलूपबंद केली, आणि घरी आलो. पण प्रश्न काही कपाटात राहिला नाही.

कारण प्रश्न वाटतो तितका वेडगळ नव्हता. वाफेच्या या यंत्राचे वय फार तर वीस-बावीस वर्षांचे. पण साठा जवळ ठेवून ओढायचे की दर वेळी हाताने भरून ओढायचे, हा वाद आपल्या मुलखात चारशे वर्षांचा आहे. चिलीम ही ठिबक. गुडगुडी ही टाकी.

तंबाखू आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी, हे नावच सांगते. मराठीतल्या 'तंबाखू'चा 'तबाकू'शी संबंध जोडायला भाषाशास्त्री लागत नाही. पुढे गोव्यात पोर्तुगीज सरकारने तंबाखूचा मक्ताच ठेवला, आणि थेट ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतातली पाने जहाजांत भरून मांडवीच्या काठी उतरू लागली. पण उत्तरेकडे ती कशी गेली, याची हकीकत अधिक मौजेची आहे. आणि आपण दख्खनी लोकांनी तिचा थोडा अभिमान, थोडी लाज, दोन्ही बाळगायला हरकत नाही.

असद बेग नावाचा अकबराचा एक सरदार १६०३-०४ च्या सुमारास विजापुरास गेला होता. शाहजादा दानियालचे लग्न इब्राहीम आदिलशहाच्या मुलीशी ठरले होते, त्या कामगिरीवर. विजापुरात त्याला तंबाखू दिसली. असले काही उत्तरेत पाहिलेले नाही म्हणून त्याने बादशहासाठी ती बरोबर घेतली आणि एक नळीही सजवली. तीन हात लांब, आचीनहून आलेली, दोन्ही टोकांना जडावाचे आणि मिन्याचे काम, तोंडाशी येमेनी अकीक, शिवाय पेटवायला सोन्याची भट्टी. विजापूरच्या सुलतानाने दिलेल्या पानाच्या बटव्यात त्याने उंची तंबाखू भरली आणि सगळे चांदीच्या तबकात मांडून आग्र्याच्या दरबारात ठेवले. अकबराने विचारले, हे काय? खान-ए-आझमने सांगितले की ही तंबाखू, मक्का-मदिनेत माहीत आहे, आणि औषध म्हणून आणली आहे. बादशहाने नळी तोंडाला लावली. हकीम घाबरून पुढे झाला, मना करू लागला. तरी असद बेगचे मन राखण्यासाठी अकबराने दोन-तीन झुरके घेतलेच. हकिमाचे म्हणणे असे की ज्या वस्तूविषयी आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही, तिचे गुणदोष आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? असद बेगचे उत्तर असे की जगातली प्रत्येक रीत एके काळी नवीच होती.

मला या भांडणात हकीम आवडतो. ज्ञान नाही हे तो लपवीत नाही. अकबराने पुढे ती सवय लावून घेतली नाही; पण असद बेगने उरलेला माल सरदारांना वाटला, त्यांनी आणखी मागितला, व्यापाऱ्यांनी संधी साधली, आणि हां हां म्हणता धूर पसरला. याच सुमारास, १६०४ मध्ये, तिकडे इंग्लंडात पहिला जेम्स राजा तंबाखूच्या निषेधार्थ स्वतः पुस्तिका लिहीत बसला होता. अकबराचा मुलगा जहांगीर याने १६१७ मध्ये तंबाखूबंदीचा हुकूम काढला. इराणच्या शाह अब्बासनेही बंदी घातली होती. मौज अशी की जहांगिराचा त्याच इराणातला वकील खान आलम हा धूम्रपानाशिवाय घटकाभर राहू शकत नसे, आणि शाहने त्याला अखेर सूट दिली. हे जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच नमूद केले आहे. बंदी घालणारेही आपलेच, सूट मागणारेही आपलेच.

आता गुडगुडीकडे वळू. धूर पाण्यातून ओढावा म्हणजे तो निवळतो, ही युक्ती अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने काढली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. मात्र इतिहासाच्या मास्तराला इथे अडखळायला होते. अबुल फतह वारला १५८९ साली. असद बेगचे तबक दरबारात आले त्यानंतर पंधरा वर्षांनी. तेव्हा एक तर गोष्ट खोटी, नाहीतर हकिमाने तंबाखूआधी दुसरेच काही ओढण्यासाठी पाणी वापरले असावे. युक्ती कुणाचीही असो, ती रुजली मात्र. पाण्याचा तांब्या, वर उभी दांडी, तिच्यावर चिलमीसारखी वाटी आणि निखारे, बाजूने नेचा. वाटीत नुसती तंबाखू नव्हे, तर गूळ कालवून मळलेला गुडाकू. गरिबाघरी तांब्याच्या जागी नारळाची करवंटी असे. पश्चिम आशियात हुक्क्याला 'नार्गिले' म्हणतात, तोही आपला नारळच! श्रीमंताघरी मात्र बिदरी कामाचा तांब्या. बिदर हे आपल्या सीमेवरचे गाव, भालकी-बसवकल्याणकडे अजून मराठी कानांवर पडते. तिथले कारागीर जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची वेल कोरून बसवतात, आणि बिदरच्या किल्ल्यातली माती लावून भांडे काळेकुळकुळीत करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. ते हुक्क्याचे तांबे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. इतके सुंदर भांडे समोर असताना आतल्या पाण्याचा रंग काय झाला आहे, हे कोण पाहणार?

पाण्याने धूर थंड होतो हे खरे. निर्मळ होतो हे खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सांगितले की तासाभराच्या हुक्क्याच्या एका बैठकीत माणूस एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर छातीत घेतो. घशाला लागत नाही, म्हणून थांबावेसे वाटत नाही. चारशे वर्षे लोक पाण्याच्या भरवशावर ओढत होते, आज वाफेच्या भरवशावर ओढतात.

चिलमीचे तसे नव्हे. चिलमीने कधी कुणाला फसवले नाही.

आरेतल्या एका पाड्यावर माझ्या ओळखीचे एक वारली बाबा आहेत, ऐंशीच्या घरातले. आमच्या युनिटापासून त्यांचा पाडा ओरडून हाक मारण्याच्या अंतरावर. कॉलनी व्हायच्या आधीपासून त्यांचे घराणे इथले. वाघोबाला नारळ त्यांच्याच हातचा लागतो. मी लहान असताना ते संध्याकाळी अंगणात चिलीम भरत, आणि ते भरणे पाहायला मी मुद्दाम जाई. मातीची ती वीतभर नळी. तळाशी एक गुळगुळीत खडा, तंबाखू तोंडात येऊ नये म्हणून. मग तळहातावर चुरलेली तंबाखू, वर निखारा. आणि खालच्या टोकाला भिजवलेल्या फडक्याची छापी. चार माणसे बसत. चिलीम एकाकडून दुसऱ्याकडे जाई, प्रत्येकाचा एक दम, दोन फेऱ्यांत विझे. पुन्हा भरायची तर पुन्हा सगळा खटाटोप.

परवा मी त्यांच्याकडे गेलो आणि त्या मुलाच्या यंत्राची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतले.

"खिशात ठेवतो?" त्यांनी विचारले.

"हो, बाबा."

"आन एकटाच वढतो?"

"एकटाच."

"मंग त्याला कोन सांगनार, मास्तर, की आता पुरं?"

आपल्या संतांच्या हातीही चिलीम दिसते, आणि दिवाळी अंकाच्या वाचकाला ती खटकत नाही. शेगावच्या गजानन महाराजांच्या चिलमीला विस्तव न देणाऱ्या सोनाराची कथा 'गजानन विजय' वाचणाऱ्या घराघरांत पाठ आहे. शिर्डीला साईबाबांच्या चिलमी जपून ठेवल्या आहेत, आणि ती चिलीम द्वारकामाईत भक्तांच्या हातोहात फिरे. मी श्रद्धेच्या वाटेला जात नाही. एवढेच दाखवतो की तिथेही चिलीम बैठकीतली आहे, खिशातली नाही.

ती खिशात गेली विडीच्या रूपाने. १८९९ च्या, छप्पन्नच्या दुष्काळानंतर गुजरातेतून मध्य प्रांतात गेलेल्या माणसांना तिथल्या जंगलात टेंभुर्णीची पाने दिसली, आणि विडीचा धंदा जबलपूर-गोंदियाकडे फोफावला, असे सांगतात. आपल्याकडे सिन्नर, सोलापूर, कामठी, भंडारा या गावांची चूल विडीवर चालू लागली. सोबत काडेपेटीही स्वस्त झाली. अंबरनाथचा विम्कोचा कारखाना १९२० नंतरच्या दशकातला. पूर्वी चकमक, गारगोटी आणि कापूस घेऊन विस्तव पाडावा लागे. तेवढ्या वेळात निम्म्यांची तल्लफ जात असेल! विडी-काडीने तो वेळ खाऊन टाकला. आणि जिच्या तंबाखूवर हे चालले त्या निपाणीच्या वखारींत बायका दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात उभ्या असत. निपाणी मराठी माणसांची, कर्नाटकात गेलेली. १९८१ मध्ये तिथल्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी रस्ता अडवला आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या. वखारीतल्या बायकांच्या लढ्यावर १९८२ मध्ये 'युगांतर' या गटाने माहितीपट केला. धुराच्या इतिहासात ओढणाऱ्यांची नावे येतात, वळणाऱ्यांची आणि कुटणाऱ्यांची क्वचितच.

माझे वडील विडी ओढत. आरेच्या एका गोठ्यात ते म्हशींचे काम करीत. पहाटे दोन वाजता उठायचे, धार काढायची, शेण, पाणी, हिरवे गवत, दुपारी पुन्हा धार. गंजीजवळ विस्तव चालत नसे म्हणून विडी ओढायला ते बाहेर जांभळाखाली येत. पंचवीसचा एक कट्टा त्यांना दिवसाला पुरे. पण गोठ्यातल्या माणसाची सवय सगळे मोजायची: किती शेर, किती पेंड, कुठली म्हैस आटली. दाराच्या चौकटीला कोळशाने ते दुधाच्या रेघा मारीत, आणि त्याच्या शेजारी विड्यांच्या. सोळावी रेघ मारली की म्हणत, "आज जास्त झाल्या." दुसऱ्या दिवशी बारावर थांबत, तिसऱ्या दिवशी अठरा. साठी गाठण्याआधीच ते फुप्फुसाच्या दुखण्याने गेले. म्हणजे मोजून ओढल्याने माणूस वाचतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु आपण किती ओढतो हे त्यांना ठाऊक होते. आणि अखेरच्या वर्षी त्यांनी सोडली तेव्हा सोडायला त्यांच्यापाशी एक आकडा होता.

यंत्राचा इतिहास थोडक्यात आटोपतो. हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९६३ साली बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटसाठी पेटंटचा अर्ज केला, १९६५ ला ते मिळाले, आणि वस्तू कागदावरच राहिली. मग २००३ मध्ये हॉन लिक या चिनी औषधनिर्मात्याने आजच्या ई-सिगारेटचा मूळ नमुना केला. त्यानंतरची प्रगती विजापुरी नळीपासून बिदरी हुक्क्यापर्यंतच्या प्रगतीसारखीच आहे, फक्त दोनशे वर्षांऐवजी वीस वर्षांत. हौशी मंडळींनी ठिबक काढली, चवीसाठी आणि ढगांसाठी. तिच्या खटाटोपाला कंटाळून काहींनी खाली बाटली बसवली. ती दाबली की द्रव वर येतो. काहींनी ठिबक आणि टाकी यांची जोडणीच केली. टाकीवाल्यांनी टाक्या मोठ्या केल्या, तेव्हा युरोपीय संघाने २०१४ च्या नियमांत टाकीला दोन मिलिलिटरांची मर्यादा घातली आणि निकोटीन मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमवर अडवले. एवढे सगळे झाल्यावर बाजारात आली ती वापरून फेकायची कांडी, जिच्यात थेंबही टाकायचे नाहीत आणि टाकीही भरायची नाही. ब्रिटनने तिच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी घातली.

खुद्द ब्रिटनच्याच सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये वाफ ही सिगारेटच्या धुरापेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचे म्हटले होते. प्रौढ धूम्रपी सिगारेट सोडून वाफेकडे वळतो, त्याच्यापुरता तो हिशेब असेल. अमेरिकेत २०१९ च्या उन्हाळ्यात मात्र तरुण मुले छातीच्या विचित्र दुखण्याने रुग्णालयांत भरती होऊ लागली; फेब्रुवारी २०२० पर्यंत अडुसष्ट दगावली. दोष मुख्यतः गांजाच्या अर्काच्या चोरट्या कांड्यांत मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या तेलाचा निघाला. हे कळेपर्यंत अकबराच्या हकिमासारखीच सगळ्यांची अवस्था होती.

आपल्याकडे निर्णय झपाट्याने झाला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा झाला: उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, साठा, सगळे बंद, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्राने त्याआधी, २०१८ मध्ये, हुक्का पार्लरांवर बंदी आणली होती. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातल्या आगीत चौदा माणसे गेली, आणि ठिणगी हुक्क्याच्या निखाऱ्याची असल्याचे तपासात पुढे आले, त्याची ती पार्श्वभूमी.

वटहुकूम निघाला ते दिवस आमच्या आठवणीत दुसऱ्याच कारणाने आहेत. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबरच्या रात्रीपासून, मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडे तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत २,१४१ पडली. त्या रात्री करवतींचा आवाज ऐकत आम्ही जागे होतो. वेपवरच्या बंदीची बातमी कुणी वाचली असेल तरी ध्यानात कोण ठेवणार? आता तो मुलगा मला सांगतो की टाकी, द्रव, कांड्या, सगळे स्टेशनजवळच्या टपरीवर मिळते. कायदा झाला तेव्हा तो दुसरी-तिसरीत असेल.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. वडील कामावर गेलेले. एका सोसायटीत घरकाम करून ती थेट शाळेत आली होती, पदराला अजून साबणाचा वास होता. शिक्षकांच्या खोलीत दोन मते पडली: एक, पोलिसांत कळवावे, दुसरे, दाखला हाती द्यावा. दोन्ही मते मांडणारे माझे चांगले स्नेही आहेत आणि दोघेही दर तासाला बाहेर जाऊन सिगारेट ओढतात. टपरीची तक्रार करावी, या बाबतीत मात्र एकमत झाले, आणि तेवढी ती केली. मुलाचे काय करायचे ते मुख्याध्यापकांनी माझ्यावर सोपवले.

मी त्याला आईसमोर एकच विचारले, "दिवसाला किती ओढतोस?"

तो विचारात पडला. खोटे बोलत नव्हता. खरोखरच त्याला ठाऊक नव्हते. "टाकी दोन दिवस पुरते," तो म्हणाला. "कधी दीड."

"झुरके किती?"

"ते कोण मोजतं, सर?"

आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले, म्हणजे निदान माझ्यापुरते. चवीची आणि सोयीची तुलना त्याच्या दादाने केली होती तीच बरोबर आहे. त्यात मी काय भर घालणार? परंतु चिलीम विझते, विडी संपते, ठिबकीचा कापूस कोरडा पडून घसा पोळतो. त्यांत कुठेतरी 'झाले' असा शब्द आहे. गुडगुडीत आणि टाकीत तो शब्दच काढून टाकला आहे. पंधरा वर्षांच्या पोराला दादाने हौसेने दिली ती नेमकी टाकी.

यंत्र मी परत दिले नाही. त्याला एक शंभर पानी वही दिली आणि सांगितले, ओढावेसे वाटले की एक रेघ मारायची. ओढायचे नाही, रेघ मारायची. शनिवारी मला दाखवायचे. शिवाय आईला तंबाखू सोडवण्यासाठी असलेल्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक लिहून दिला. तिने तो पदराच्या गाठीत बांधला.

पहिल्या दिवसाच्या पानावर सदतीस रेघा होत्या. त्या पाहून तो स्वतःच दचकला. "सर, एवढ्या वेळा?" दोन आठवड्यांनी चोवीस. एकदा मध्येच तीन दिवसांची पाने कोरी. विचारल्यावर खाली मान घालून म्हणाला, दादाची घेतली होती. मी रागावलो नाही, फक्त त्या पानांवर तारखा घालायला लावल्या. गणपतीत संख्या पुन्हा चढली, नवरात्रात उतरली. वारली बाबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी त्याला पाड्यावर घेऊन यायला सांगितले. आता तो शाळा सुटल्यावर कधीमधी तिथे जातो, बाबांच्या कोंबड्या डालतो. बाबांनी चिलीम सोडून दहा वर्षे झाली, हे मला त्याच्याकडून कळले. मला त्यांनी कधी सांगितले नव्हते.

गेल्या शनिवारी नऊ रेघा होत्या. त्यांतली एक मारून मग खोडलेली होती.

"ही का खोडली?"

"मारली आणि मग लक्षात आलं, सर," तो म्हणाला, "भूक लागली होती."